ऊन एवढं आहे, मग दिवा कशाला? इगुआना पाळू पाहणाऱ्या भुसावळच्या वडिलांना उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भुसावळला राहता, मुलगा नववीत आहे आणि त्याला इगुआना, म्हणजे मोठा परदेशी सरडा, हवाय. पुण्यातला एक विक्रेता वीतभर पिल्लू आठ हजारांना द्यायला तयार आहे, ट्रॅव्हल्सनं पाठवतो म्हणतो. काचेची टाकी घ्या, पालक-कोबी घाला, आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्या, एवढंच त्यानं सांगितलं. वर दिव्याचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा तुम्हाला शंका आली की भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, मग या प्राण्याला वेगळा दिवा कशाला? आणि शेवटी, हे कायद्यात बसतं का?

मी जळगावात पशुवैद्यक म्हणून बावीस वर्षं काम करते. पोट गाई-म्हशी-शेळ्यांवर आणि अलीकडे कुत्र्या-मांजरांवर चालतं. इगुआना मला शिकवला तो एका मादीनं. 2013 साली बदली होऊन निघालेल्या एका कुटुंबानं ‘दोन दिवस सांभाळा’ म्हणून ती दवाखान्यात ठेवली. ते दोन दिवस अजून संपायचेत. तेव्हा ती दोनेक वर्षांची असावी. माझ्या मुलानं तिचं नाव ठेवलं शेपू, कारण रंग हिरवा आणि अंगापेक्षा शेपूटच जास्त. आम्ही सगळे तिला नर समजत होतो. तो गैरसमज कसा फिटला ते पुढे येईलच.

तुमच्या प्रश्नात ऊब आणि ऊन या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. ऊब भुसावळला फुकट मिळते हे खरं, पण उन्हाचं काम वेगळं आहे. आणि एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत: नीट सांभाळला तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो. मुलगा आज नववीत आहे.

पण पहिल्यांदा कायदा, कारण तिथे अडलं तर पुढचं वाचायचं कारणच नाही. हिरवा इगुआना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. वन्य प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि तिच्यामुळे साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. त्यानंतर 2024 च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम आले. ज्यांच्याकडे आधीपासून असे प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती गेली. आता नव्यानं घेणाऱ्यानं प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा असतो. पुढे प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तर तेही कळवावं लागतं. शेपूची माहिती मी 2020 मध्ये सरकारनं स्वेच्छेनं जाहीर करायची संधी दिली तेव्हाच दिली होती, मग 2024 मध्ये नियमाप्रमाणे नोंदणी केली.

म्हणून विक्रेत्याला एकच विचारा: ‘तुमच्या नावावर याची नोंद आहे का, आणि हस्तांतराचे कागद देणार का?’ ‘हो-हो, सगळं होऊन जातं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. कागद नसलेला प्राणी कुठून आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि जबाबदारी मात्र तुमच्या गळ्यात पडेल. जिवंत प्राणी ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवणारा माणूस त्याची काळजी किती घेत असेल, हेही त्यातच दिसलं.

याला जोडून एक सांगते. आपल्याकडे लोक इगुआनाला घोरपडच समजतात. दवाखान्यात म्हैस दाखवायला आलेले यावलकडचे एक आजोबा शेपूकडे बघून दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, “बाई, हाई घोरपड शे का काय?” घोरपड आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळणं हा गंभीर गुन्हा. माझ्या शेजारच्या गल्लीतून एकदा वन विभागाला फोन गेलाच होता. वनरक्षक आले, कागद बघितले, शेपूचा फोटो काढला, चहा घेऊन गेले. कागद नसते तर तो चहा तसा झाला नसता. शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी घरी बोलावून प्राणी दाखवा, असं मी सगळ्यांना सांगते.

आता ऊब आणि ऊन. इगुआनाचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. अंग तापवायचं तर तो उन्हाला जाऊन बसतो, निववायचं तर सावलीत शिरतो. बसायच्या फांदीपाशी 35 ते 38 अंश आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला 26 ते 28 लागतात. रात्री 22-24 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. अंग तापलं नाही तर पोटातला पाला पचत नाही, तो तिथेच आंबतो. ही झाली उबेची गोष्ट, आणि ती दिव्यानं भागो की भुसावळच्या हवेनं, प्राण्याला फरक पडत नाही.

उन्हातला अतिनील किरणांचा जो भाग आहे, ज्याला यूव्हीबी म्हणतात, त्याचं काम वेगळं. तो कातडीवर पडला की ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. यूव्हीबी काचेतून आत येत नाही. सगळी मेख इथे आहे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात इगुआना तापतो, आपल्याला वाटतं मस्त ऊन खातोय, आणि हाडं आतल्या आत पोकळ होत जातात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, ही चूक मी स्वतः केली आहे. शेपू आली तेव्हा मी तिचा पिंजरा दवाखान्याच्या पूर्वेच्या काचेच्या खिडकीला लावला. सकाळचं छान पिवळं ऊन तिच्या अंगावर पडायचं, आणि मला स्वतःचं कौतुक वाटायचं. चारेक महिन्यांनी एका सकाळी तिला उचललं तर मागच्या पायाची बोटं थरथरत होती. बारीक, सतारीची तार थरथरावी तशी. थंडी वाजत असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. आठवड्यानं ती फांदीवर चढेना. तेव्हा कुठे मी तिचा खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. हाडासारखा टणक लागायला हवा होता तो, खोडरबरासारखा दबला.

मला लाज कशाची वाटली सांगू? त्याच आठवड्यात एका गोठ्यात मी दुग्धज्वराची म्हैस उठवली होती. व्यायल्यावर दोन दिवसांनी मान पोटाकडे वळवून बसलेली, कान गार पडलेले. शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली आणि तासाभरात ती उठून कडबा ओढायला लागली. कॅल्शियम कमी पडलं की स्नायू थरथरतात हे मी गोठ्यात लांबून ओळखते, आणि घरच्या प्राण्यात मला ते दिसलं नाही. म्हैस तासाभरात उठते, कारण तिच्या हाडांत साठा असतो. शेपूचा साठाच संपला होता. मुंबईच्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझ्या वेळचे एक ज्येष्ठ होते, त्यांनी फोनवर सांगत सांगत उपचार केले: तोंडावाटे कॅल्शियम, यूव्हीबीची नळी (ट्यूबलाइटसारखा दिवा) आणि गच्चीवर जाळीतलं खरं ऊन. पाच महिने लागले. मागच्या उजव्या पायाला आलेला थोडासा बाक कायमचा राहिला.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. काचेविना, जाळीतून थेट अंगावर पडणारं ऊन देऊ शकत असाल तर खानदेशातलं ऊन कुठल्याही दिव्यापेक्षा सरस आहे. पण ते रोज देता येईल का, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. गच्ची आहे का? दुपारी घरी कोण असतं? जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस आभाळ राहतं, तेव्हा काय? म्हणून नळी लागतेच. तीसुद्धा प्राण्यापासून साधारण फूटभर अंतरावर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता. आणि वर्षानं बदलायची, कारण उजेड तसाच दिसत राहतो पण आतलं यूव्हीबी उतरलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका घरात तीच नळी चार वर्षं जळत होती. दिवा चालू आहे ना, मग झालं, असं त्यांना वाटायचं.

आणि काचेच्या टाकीत घालून उन्हात तर कधीच ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा. बंद काच उन्हात भट्टी होते. उन्हात ठेवायचं ते जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर गोणपाट टाकून, आणि माणूस शेजारी बसलेला असताना. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठ ते साडेनऊ, थंडीत अकरा ते एक. तोंड उघडून बसला की समजा त्याला गरम होतंय, लगेच सावलीत घ्या.

आता आपला उन्हाळा. तुम्हाला वाटतं उष्ण देशातला प्राणी आहे, भुसावळला खुश राहील. तो उष्ण जंगलातला आहे, नदीकाठच्या झाडांवरचा. तिथली हवा ओली असते. त्याला साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे दमटपणा लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ओठ फुटतात. या कोरड्या हवेत तो हळूहळू सुकत जातो आणि मूत्रपिंडं खराब होतात. मोठ्या वयाचे इगुआना बरेचदा याच कारणानं जातात. वरून दिसत काही नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे मात्र आपली एक सोय आहे, आणि ती मुंबईवाल्यांकडे नाही: कूलर. हवा कोरडी असल्यामुळेच आपल्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार पण करतो आणि ओली पण. मी शेपूच्या खोलीत एप्रिलपासून कूलर लावते, पण झोत पिंजऱ्याकडे न ठेवता भिंतीकडे. काट्याचं स्वस्त दमटमापक मिळतं त्यावर विश्वास ठेवू नका, आकडे दाखवणारं घ्या. फांदीचं तापमान बघायला लांबून मोजायची गन चांगली, मात्र कोरोनात कपाळाला लावायची होती ती नव्हे, ती फक्त माणसाच्या अंगाच्या तापापुरती असते. शिवाय रोज सकाळी कोमट पाण्याच्या टबात वीस मिनिटं. इगुआना पाण्यातच शी करतात, हा आणखी एक फायदा. शेपूला सवय लागल्यापासून पिंजरा जवळजवळ कोरडाच राहतो. टब वेगळा ठेवायचा, बाथरूममधलाच वापरायचा नाही.

वीज जाते तेव्हा काय, हा प्रश्न तुम्ही भुसावळचे असून विचारला नाहीत याचं आश्चर्य वाटलं. मे मध्ये दुपारी दोन तास लाइट गेली की मी ओली चादर पिंजऱ्यावर टाकते आणि फरशी ओली करते. पत्र्याच्या खोलीत मात्र यानं भागत नाही. तुमची वरची खोली पत्र्याची असेल तर हा विचार इथेच सोडा.

थंडीकडे लोक बघतच नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडात थंडीची लाट आली की मोकाट इगुआना झाडावरून लाकडासारखे खाली पडतात, अंगच चालेनासं होतं. धुळ्याला पारा सहा-सातवर उतरतो, जळगाव-भुसावळलाही दहाच्या खाली जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर उजेड न देता ऊब देणारा सिरॅमिक दिवा लागतो, थर्मोस्टॅट लावून आणि भोवती जाळी करून. ही जाळी विसरू नका. इगुआनाला पोटाखालचा चटका उशिरा कळतो, तो दिव्याला बिलगून भाजून घेतो. तापणारे दगड विकायला येतात, तेही याच कारणानं घेऊ नका. विजेचा हिशोब तुम्हीच करून बघा: शंभर वॉटचा दिवा दहा तास म्हणजे एक युनिट, नळीचं अर्धं, रात्रीच्या दिव्याचं एक-दीड. थंडीत महिन्याला ऐंशी-नव्वद युनिट जास्त धरा. उन्हाळ्यात कूलर तसाही चालूच असतो.

खाण्याबद्दल विक्रेत्यानं जे सांगितलं त्यातलं एकही बरोबर नाही. पालकात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगात जाऊ देत नाही. चाकवत, राजगिरा, पोकळा यांचंही तेच. कोबी-फ्लॉवर रोज घातले तर थायरॉइडला त्रास. आणि अंडं तर नकोच. इगुआना पूर्ण शाकाहारी आहे, पानं खाऊन जगणारा. अंडं, किडे, कुत्र्याचं खाणं घातलं की पिल्लू भराभर वाढतं, मालक खुश होतो, आणि काही वर्षांनी मूत्रपिंडं जातात. पूर्वी परदेशातसुद्धा असंच खाऊ घालायचे, त्यामुळे नेटवर जुने सल्ले अजून फिरतात.

शेपूच्या ताटात मुख्य असतो शेवग्याचा पाला. कॅल्शियम भरपूर, आणि आपल्याकडे शेवगा कोणाच्या तरी परसात असतोच. त्याच्यासोबत जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, थोडा लसूणघास, किसलेलं गंगाफळ, घेवडा. मेथी आठवड्यातून एखादे वेळी. पपईची फोड रविवारी. जळगाव जिल्ह्यात राहून केळं नाही म्हणजे पाप वाटतं, पण केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, म्हणून महिन्यातून एकदा बोटाएवढा तुकडा. सुबाभूळ शेळीला थोडी चालते, इथे अजिबात नको. कण्हेर, रुई, धोत्रा हाताच्या अंतरावरसुद्धा नको. पाला शेताच्या बांधावरचा असेल तर शेजारी फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय तोडू नका. कपाशीच्या बांधावरचा तर मी आणतच नाही. आणि कॅल्शियमची पूड घालायची ती फॉस्फरस नसलेली, साधं कॅल्शियम कार्बोनेट. एका सद्गृहस्थांनी घरात होतं म्हणून म्हशीचं मिनरल मिक्श्चर घातलं. त्यात फॉस्फरस असतो, हेतू चांगला असूनही उलटंच झालं.

जागेबद्दल फार लिहीत नाही, मापच पुरेसं बोलतं. आठ हजारांचं ते वीतभर पिल्लू तीन-चार वर्षांत चार-पाच फुटांचं होतं, नर तर सहा फुटांपर्यंतही जातो, त्यात शेपूट दोन तृतीयांश. त्याला सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच पिंजरा हा अगदी कमीत कमी. हा झाडावर राहणारा प्राणी आहे, उंची सोडू नका. मी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून अँगल आणि प्लास्टिकचं आवरण असलेली जाळी लावून घेतला. तळाला वाळू-खडे नकोत, ते पोटात जातात. जुने वर्तमानपत्र बरे.

स्वभावाचं मात्र सविस्तर सांगावं लागेल. इगुआना कुत्र्यासारखा माया करत नाही, आणि ज्यांना तशी माया हवी असते ते दुसऱ्या वर्षी कंटाळतात. पहिले काही महिने तो तुम्हाला शत्रू समजतो, कारण वरून येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी शिकारी पक्षी. डोक्याच्या मधोमध त्याला एक फिकट खवल्यासारखा तिसरा डोळा असतो. त्यानं चित्र दिसत नाही, फक्त उजेड-सावली कळते. गच्चीवर असताना वरून घार गेली की शेपू दगड होऊन बसते. म्हणून हात नेहमी बाजूनं, खालून आणा. शेपटीचा फटका बसला की चाबूक कशाला म्हणतात ते कळतं. माझ्या मनगटावर एक वळ चार दिवस होता. शेपटीला धरून ओढलं तर ती तुटून हातात येते. परत वाढते, पण आखूड आणि काळपट. वयात आलेला नर विणीच्या हंगामात अंगावर नारिंगी छटा आणतो, मान वर-खाली हलवत धावून येतो, आणि चावला तर टाके पडतात. एरवीच्या शांत नराचंही हे होतं. म्हणून नर की मादी हे पिल्लूपणी ओळखता येत नाही, ही साधी अडचण नाही.

मादीचं दुसरंच. 2015 च्या फेब्रुवारीत शेपूनं खाणं सोडलं आणि दिवसरात्र पिंजऱ्याचा कोपरा उकरायला लागली. मी पोटावर हात फिरवला तर द्राक्षांचा घड हाताला लागल्यासारखं झालं. नराशिवायही मादी अंडी धरते, कोंबडीसारखी, हे मला माहीत होतं, फक्त आमच्याकडे नर आहे असं आम्ही धरून चाललो होतो. निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापला, गिरणेची रेती आणि माती मिसळून ओली करून भरली, खोली अंधारी केली. दुसऱ्या रात्री चौतीस अंडी. पुढच्या वर्षी मात्र अंडी अडकली. रात्री अकराला गाडी काढली, गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या आणि सकाळी मुंबई गाठली. ऑपरेशन करून अंडाशय काढावे लागले. अशा वेळी जवळ डॉक्टर नाही, हे खानदेशात राहणाऱ्यानं गृहीत धरायचं. मी स्वतः पशुवैद्यक असून मला चारशे किलोमीटर जावं लागलं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम केलेले डॉक्टर मुंबई-पुण्यात आहेत, तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर चांगला असेल, पण त्यानं इगुआना बहुधा पाहिलेला नसेल. घेण्याआधी असा एक डॉक्टर शोधून, फोनवर बोलून ठेवा.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी वगैरे चालू असलेलं माणूस असेल तर मी सरळ नको म्हणते. या प्राण्यांच्या शीतून साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू पसरतो, प्राणी स्वतः अगदी ठणठणीत दिसतो. बाकीच्यांनी हात लावला की साबणानं हात धुवायचे, आणि तो स्वयंपाकघरात कधीच फिरवायचा नाही. वाडग्या-सुरी त्याच्या वेगळ्या.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग बाईंनी ठेवलाय कशाला? सकाळी सात वाजता मी पाला चिरायला बसते. विळीचा पहिला आवाज आला की पिंजऱ्यातून मान वर येते. रात्री थंडीनं काळपट पडलेली शेपू दिव्याखाली बसून अर्ध्या तासात पोपटी होते, रंग मानेपासून चढत जातो, डोळ्यांदेखत. मग दोनदा शिंकते. सर्दी नव्हे, नाकातून मीठ बाहेर टाकते, समोरच्या भांड्यावर पांढरे ठिपके उमटतात. माझा हात ओळखते, कंपाउंडरचा ओळखते, आणि नवीन माणूस आला की गळ्याची झालर पसरते. प्रेम आहे का ते मला सांगता येणार नाही. पण ज्या प्राण्यानं दोन वर्षं मला शत्रू मानलं, तो एके दिवशी आपणहून खांद्यावर चढून मानेशी डोकं टेकतो, तेव्हा काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. गोठ्यात मला रोज घाई असते. इथे घाई करून काही मिळत नाही, हे शिकायला मला तिच्याचमुळे वेळ मिळाला. शिवाय गावोगावचे शेतकरी तिला बघायला येतात आणि बोलता बोलता घोरपड मारू नये हा विषय निघतो, हा माझा वरचा नफा.

तुमच्या जागी मी असते तर हे पिल्लू घेतलं नसतं. कागद नाहीत, पाठवायची पद्धत वाईट, आणि पुढच्या वर्षी दहावी. त्यानंतर दोन वर्षांनी बारावी, मग मुलगा हॉस्टेलला. माझ्या अनुभवात तेव्हा पाला आईच चिरते, म्हणून आधी तिला विचारा, तुमच्या मुलाला नव्हे. घरची तयारी असेल, गच्ची असेल, पत्र्याची खोली नसेल, तर वर्षभर थांबून पिंजरा आधी बांधा आणि नोंदणी असलेला, मोठा झालेला, कोणाला सांभाळणं जमत नाही असा प्राणी शोधा. वयात आलेल्या इगुआनाची नर-मादी कळते, स्वभाव कळतो, आणि असे सोडून दिलेले प्राणी बरेच असतात. आणि काही झालं तरी, जमेना म्हणून सातपुड्यात नेऊन सोडू नका. तिथल्या थंडीत तो मरेल, नाही मेला तर त्याहून वाईट, परका प्राणी जंगलात पसरेल, आणि गुन्हा तो वेगळाच.

मुलाला मात्र नाराज करू नका. त्याला रविवारी पॅसेंजरनं जळगावला पाठवा, सकाळी सातच्या आत. टब घासायचा, शेवगा निवडायचा, वर्तमानपत्र बदलायचं, गच्चीवर दीड तास उन्हात शेपूशेजारी बसायचं, मोबाइल न बघता. असे सलग दहा रविवार तो आला, तर अकराव्या रविवारी तुम्हीही या, त्याच्या आईला घेऊन. पिंजऱ्याचं माप तेव्हा लिहून घेऊ.